घोडा घेण्याआधी डॉक्टरांकडून काय काय तपासून घ्यायचं?

घोडा पसंत पडला की नवा खरेदीदार डॉक्टरांना फोन करून विचारतो, "एकदा बघून सांगा, घेऊ की नको?" प्रश्न साहजिक आहे, पण चांगला डॉक्टर त्याचं हो-नाही असं उत्तर देत नाही. तपासणीत घोडा पास किंवा नापास होत नसतो. त्या दिवशी घोड्यात काय आढळलं आणि तुम्हाला जे काम त्याच्याकडून करून घ्यायचंय त्या दृष्टीने त्यात धोका किती, एवढंच डॉक्टर सांगतात. तो धोका पत्करायचा की नाही, हे ठरवायचं तुम्ही. त्यामुळे कुठली तपासणी करायची आणि कुठली सोडायची, हेही सगळं डॉक्टरांवर टाकून मोकळं होता येत नाही. ते कसं ठरवायचं, हे पहिलाच घोडा घेणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहितो आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. "घोडा स्वस्तात मिळतोय, त्याला कशाला एवढ्या तपासण्या?" असं फार ऐकू येतं. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. खरेदीची किंमत एकदाच द्यायची असते. चारा, दाणा, नाल, जंताचं औषध, दात, जागा, माणूस हा खर्च रोजचा. लंगडा घोडाही तेवढंच खातो, शिवाय औषधपाण्याचा खर्च वेगळा. फुकट मिळालेल्या घोड्यालाही हेच लागू. तपासणी किती करायची हे घोड्याच्या किमतीवरून ठरवू नका. चूक झाली तर पुढची किती वर्षं ती निस्तरावी लागेल, यावरून ठरवा.

१. आधी काम ठरवा, कागदावर

घोड्यावर कोण बसणार, त्याचं वजन किती, आठवड्यातून किती दिवस, कुठल्या जमिनीवर, कुठलं काम? नुसती रपेट, लहान मुलांना शिकवणं, उड्यांच्या स्पर्धा, लांब पल्ल्याची शर्यत, गाडी ओढणं की पैदास? स्वाराचं आणि खोगिराचं मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्क्यांच्या आत असावं, असा ढोबळ हिशोब धरतात. पुढे हा घोडा विकायचा आहे का? विमा उतरवायचा आहे का? हे सगळं लिहून काढा, कारण तपासणीत जे काही सापडेल त्याचा अर्थ या कागदाशी लावूनच कळतो.

एक उदाहरण घ्या. चौदा वर्षांचा शांत घोडा आहे. मागच्या पायाच्या हॉकमध्ये, म्हणजे मागे टोकदार दिसणाऱ्या मोठ्या सांध्यात, थोडा संधिवात आहे. रोज हलकं काम केलं तर तो व्यवस्थित चालतो. दहा वर्षांच्या मुलीला बसायला शिकवायचं असेल तर हा घोडा कदाचित उत्तमच. तोच दोष पाच वर्षांच्या, उड्यांसाठी घ्यायच्या घोड्यात निघाला तर मी दुसऱ्या घोड्याच्या शोधाला लागेन. आजार एकच, पण त्याने होणारा निर्णय उलटा.

२. डॉक्टरांना बोलावण्याआधी स्वतः नीट पाहा

निम्मे घोडे इथेच बाद व्हायला हवेत. ज्याच्यात दिसण्याजोगा दोष आहे त्याच्यासाठी डॉक्टरांची फी कशाला भरायची? या टप्प्याला लागतो तो फक्त वेळ, म्हणून तो हात राखून देऊ नका.

जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा की मी येईपर्यंत घोडा फिरवू नका, ठाणावरच असू द्या. ठाणातून बाहेर येतानाची पहिली दहा-वीस पावलं फार महत्त्वाची असतात. ज्याचे सांधे आखडतात तो घोडा सुरुवातीला ताठ चालतो आणि दहा मिनिटांत मोकळा होतो. आधीच फिरवून ठेवला असेल तर हे तुम्हाला दिसणारच नाही. पोचल्यावर खोगिराखालचे केस ओले किंवा घामाने चिकटलेले दिसले तर सरळ विचारा.

घोडा पाहण्याआधी त्याचं ठाण पाहा. लाकडाच्या कडा दातांनी कुरतडलेल्या आहेत का? जमीन एकाच जागी खुरांनी उकरलेली आहे का? घोड्याच्या गळ्याला आवळून पट्टा बांधलाय का? कडेला दात रोवून हवा ओढणारा घोडा, दारात उभा राहून सतत डावी-उजवीकडे झुलणारा घोडा, हे नवशिक्याला गमतीचे वाटतात. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे घोड्याच्या बाबतीत बऱ्यापैकी शब्दशः खरं आहे. दात रोवणाऱ्या घोड्याचे पुढचे दात झिजतात आणि पोटशुळाच्या काही प्रकारांचा धोकाही त्याला जास्त असतो.

मग घोडा उभा कसा राहतो ते पाहा. मागचा एक पाय सैल सोडून आराम करणं नेहमीचंच. पुढचा पाय मात्र निरोगी घोडा सहसा तसा सोडत नाही. तोच पुढचा पाय वारंवार पुढे टाकून त्यावरचं वजन कमी करत असेल तर खुरात दुखतंय असं समजा. घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे लंगडेपणही जास्त करून तिथेच येतं.

खुरांपाशी बसून बघायला लाजू नका. खूर वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत वाढायला पुढच्या बाजूने जवळपास वर्ष लागतं, म्हणून मागच्या वर्षभरात काय झालं ते खुराच्या भिंतीवर वाचता येतं. आडव्या रेघा एकमेकींना समांतर असतील तर चारा किंवा ऋतू बदलल्याच्या त्या खुणा असू शकतात. पण रेघांमधलं अंतर पुढे कमी आणि टाचेकडे जास्त, अशा त्या पसरत गेलेल्या दिसल्या तर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांची सूज, होऊन गेली असण्याची दाट शक्यता आहे. त्याच्या जोडीला मानेवर आयाळीखाली कडक चरबीचा उंचवटा असेल तर संशय आणखी वाढतो. दोन्ही पुढच्या खुरांचा आकारही ताडून पाहा. एक अरुंद-उभा आणि दुसरा पसरट असेल तर डॉक्टरांना दाखवण्याच्या यादीत ते लिहून ठेवा.

पुढच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचा सरळ भाग, हाताने चाचपायला शिका. पाय उचलून गुडघ्यात वाकवा. नळीच्या मागच्या बाजूला अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोरीसारखी कंडरा सापडते. बोटं वरून खाली हळूहळू सरकवत न्या. निरोगी कंडरा कडांना रेखीव आणि एकसारख्या जाडीची लागते. मध्येच फुगीर, गरम किंवा बुळबुळीत लागली, किंवा त्याच जागी दाबल्यावर घोडा प्रत्येक वेळी पाय ओढून घेत असेल, तर तिथे काहीतरी घडलंय. मग लगेच दुसरा पाय चाचपा. नवशिक्याच्या बोटांना नेमकं कसं लागायला हवं ते ठाऊक नसतं, पण डावा आणि उजवा पाय वेगळा लागतोय हे कुणालाही कळतं.

आता कडक, सपाट जमिनीवर दोरीने धरून घोडा सरळ रेषेत चालवायला सांगा, मग दुडक्या चालीने. दोरी सैल हवी, म्हणजे डोकं मोकळं राहील. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. मागच्या पायाचं दुखणं पाठीमागून पाहावं. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्यापेक्षा जास्त वर-खाली होतो. डोळ्यांना दिसलं नाही तर कान द्या. टापांचा ताल एकसारखा हवा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि घरी सावकाश गतीने पाहा.

त्यानंतर विकणाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने आधी घोड्यावर बसून दाखवावं, मग तुम्ही बसा. ते बसायला तयार नसतील तर तुम्हीही बसू नका. खुरं उचलू देतो का, लगाम चढवू देतो का, एकटा बाहेर जातो का, गाडीत चढतो का, हेही बघून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी पुन्हा जा. पहिल्या दिवशी सुस्त, खालचा ओठ लोंबकळत असलेला, पाय किंचित अडखळणारा घोडा दुसऱ्या दिवशी बेफाम वागला तर पहिल्या दिवशी त्याला गुंगीचं औषध दिलं असण्याची शंका घ्या.

विकणाऱ्याला काही गोष्टी लेखी विचारा: पोटशुळाचा त्रास किंवा ऑपरेशन झालंय का, कधी लंगडला का, सांध्यात इंजेक्शन दिलंय का, कुठला मस किंवा गाठ काढली का, सध्या कुठलं औषध चालू आहे, लसी कधी दिल्या, शेवटचे नाल कधी ठोकले. साधा मेसेज पाठवला तरी चालेल. लिहून उत्तर द्यायचं म्हटलं की माणूस जरा जपून बोलतो, आणि उद्या वाद झाला तर तोच पुरावा होतो.

३. डॉक्टर कोण असावा

तुमचा, विकणाऱ्याचा नाही. विकणाऱ्याकडे नेहमी येणारा डॉक्टर कितीही सज्जन असला तरी त्याची स्थिती अवघड होते: एकीकडे जुनं गिऱ्हाईक, दुसरीकडे तुम्ही. आसपास घोड्यांचा दुसरा डॉक्टरच नसेल तर निदान ही गोष्ट उघडपणे बोलून घ्या, आणि घोड्याचे आधीचे कागद तुम्हाला दाखवायला विकणाऱ्याची लेखी परवानगी मागा. ते कागद कधीकधी नव्या तपासणीपेक्षा जास्त सांगून जातात. परवानगी द्यायला खळखळ झाली तर त्याचीही मनात नोंद करा.

दुसरं म्हणजे डॉक्टर घोड्यांवर रोज काम करणारा हवा. गायी-म्हशींचा निष्णात डॉक्टर लंगडणारा घोडा ओळखेल, पण किंचित लंगडणारा घोडा ओळखायला सवयीचा डोळा लागतो. तपासणी ठरवायच्या आधी त्याच्याशी फोनवर वेळ काढून बोला, पहिल्या पायरीतला कागद वाचून दाखवा, आणि तुम्हाला काय खटकलं तेही सांगा.

४. मूळ तपासणी: ही टाळू नका

पद्धत देशोदेशी थोडी वेगळी असते. ब्रिटनमध्ये पूर्ण तपासणीचे पाच टप्पे ठरलेले आहेत आणि ती विभागणी कुठेही समजून घ्यायला सोपी आहे. आधी घोडा उभा असताना अंगभर तपासणी. मग हाताने धरून चाल आणि दुडकी. तिसऱ्या टप्प्यात स्वार बसवून दमेपर्यंत काम. चौथ्यात विश्रांती, आणि या वेळात हृदय व श्वास पूर्ववत व्हायला किती अवधी लागतो ते पाहणं. शेवटी पुन्हा एकदा दुडकी, कारण कामानंतर थोडं थांबल्यावर लपलेलं लंगडेपण वर येतं. पहिल्या दोनच टप्प्यांची छोटी तपासणीही मिळते. ज्यावर अजून कुणी बसत नाही अशा शिंगरासाठी ती ठीक. ज्यावर स्वार बसणार आहे त्याच्यासाठी मी ती पुरेशी मानत नाही, कारण छातीत घरघर, दम लागणं, श्रमानंतरचं लंगडणं हे सगळं तिसऱ्या टप्प्यानंतरच कळतं.

उभ्या घोड्याच्या तपासणीत तापमान, नाडी, श्वास पाहतात. शांत उभ्या प्रौढ घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. डोळे अंधाऱ्या जागेत उपकरणाने तपासतात. मोतीबिंदू किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या सुजेचे जुने व्रण उजेडात सुटून जातात. दातांवरून वयाचा अंदाज काढतात. कायमचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला येतात, त्यामुळे पाच वर्षांपर्यंत अंदाज चांगला लागतो. पुढे तो सैल होत जातो, आणि म्हाताऱ्या घोड्याचं वय नुसत्या दातांवरून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कातडीवरच्या गाठीही पाहतात. जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढऱ्या होत जाणाऱ्या सब्जा घोड्यांत पंधरा वर्षांनंतर शेपटीखाली काळ्या गाठी सापडणं फार सर्रास आहे. सारकॉइड नावाच्या मसासारख्या गाठी वरवर क्षुल्लक वाटतात, पण पुन्हापुन्हा उगवतात आणि खोगीर-लगामाच्या जागी असतील तर रोजचा त्रास होऊन बसतात.

हृदयाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वस्थ उभ्या घोड्याच्या हृदयाचा एखादा ठोका चुकतो, आणि कामाला लावल्यावर ते चुकणं थांबतं. हे अनेक तगड्या घोड्यांत दिसतं आणि त्यात काळजीचं काही नसतं. हृदयात सळसळ ऐकू आली तरी ती प्रत्येक वेळी आजारच नसते. तिचं ठिकाण, जोर आणि घोड्याचं वय पाहून डॉक्टर पुढे सोनोग्राफी सुचवतील.

सांधे वाकवून धरण्याच्या चाचणीवरून नवखे फार घाबरतात. पाय साधारण मिनिटभर वाकवून धरतात आणि सोडताक्षणी घोडा दुडकीने पळवतात. दोन-तीन पावलं किंचित अडखळली म्हणजे घोडा गेला असं नाही. किती जोराने धरलं, किती वेळ धरलं, यावरही ते अवलंबून असतं. एकाच पायात स्पष्ट आणि बराच वेळ टिकणारा फरक दिसला तर मात्र तिथे पुढची तपासणी हवी.

घोड्याला लहान वर्तुळात वळवणं, मागे रेटणं, चालत्या घोड्याची शेपूट बाजूला ओढणं, हेही डॉक्टर करतात. पाय कुठे पडतोय याचं भान घोड्याला आहे का, हे त्यातून कळतं. ते भान कमी असेल तर तो घोडा स्वाराला घेऊन कोसळू शकतो. इथे शंका आली तर मी किंमत, कौतुक, काहीही ऐकत नाही. व्यवहार तिथेच थांबवतो.

५. जादा तपासण्या: प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा

एक्स-रे, सोनोग्राफी, दुर्बीण, रक्त... यादी लांबवत न्यावी तेवढी लांबते आणि खर्चही. प्रत्येक तपासणीआधी स्वतःला विचारा: "निकाल वाईट आला तर माझा निर्णय बदलेल का?" बदलणार नसेल तर ती तपासणी सोडा. बदलणार असेल तर ती महाग वाटली तरी करा. हा प्रश्न डॉक्टरांसमोर मोठ्याने विचारला तर बोलणं फार लवकर मुद्द्यावर येतं.

एक्स-रे हाडं दाखवतो. कंडरा, स्नायुबंध दाखवत नाही, आणि दुखतंय का तेही सांगत नाही. एक्स-रेमध्ये बदल दिसतात पण आयुष्यभर व्यवस्थित चालले असे घोडे असतात, आणि स्वच्छ एक्स-रे असलेले लंगडे घोडेही. मग काढायचा केव्हा? उड्या, शर्यत असं अंगाला ताण देणारं काम असेल तेव्हा. तरुण घोडा चार वर्षांनी विकायचा असेल तेव्हा, कारण पुढचा खरेदीदार एक्स-रे काढणारच. आणि मूळ तपासणीत एखाद्या सांध्यावर बोट ठेवलं गेलं असेल तेव्हा. साधारणपणे पुढची खुरं, चारही फेटलॉक म्हणजे खुराच्या वरचे गोलसर सांधे, आणि हॉक यांपासून सुरुवात करतात. पाठीचा एक्स-रे सरसकट काढू नका. खोगीर चढवताना घोडा चावायला येत असेल किंवा पाठ दाबल्यावर खाली झुकत असेल तर काढा. विकणाऱ्याकडे जुने एक्स-रे असतील तर ते जरूर मागा. तीन वर्षांत सांधा बदललाच नाही, हे कळणं एकट्या नव्या एक्स-रेपेक्षा मोलाचं असतं.

कंडरांची सोनोग्राफी शर्यतीतून निवृत्त झालेल्या किंवा कठोर काम केलेल्या घोड्यासाठी, आणि जिथे बोटांना फरक लागला तिथे. कंडरेची मोठी दुखापत भरायला सहज वर्ष जातं आणि भरलेली जागा पूर्वीइतकी लवचीक होत नाही.

नाकातून दुर्बीण घालून घशाची तपासणी ही मुख्यतः उंच, वेगाने पळवायच्या घोड्यांसाठी. स्वरयंत्राची डावी बाजू नसेच्या दुबळेपणामुळे नीट उघडत नाही, आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा खरखरीत आवाज येतो. रपेटीच्या घोड्याला याने फारसं अडत नाही, शर्यतीच्या घोड्याचं करिअर संपू शकतं. ही तपासणी शक्यतो गुंगीचं औषध न देता करावी, कारण त्या औषधाने स्वरयंत्र आपोआप सैल पडतं आणि निकाल फसवा येतो.

आता रक्त. एका तपासणीबाबत मी आग्रही आहे: वेदनाशामक आणि गुंगीच्या औषधांसाठी रक्ताचा नमुना. फेनिलब्युटाझोनसारखं औषध दिलेला लंगडा घोडा एक दिवस छान चालून दाखवतो. एसप्रोमाझिन दिलेला तापट घोडा एक दिवस गाय होतो. नमुना तपासणीच्याच दिवशी घ्यायचा. ब्रिटनमध्ये हा नमुना सहा महिने जपून ठेवतात आणि शंका आली तरच तपासतात. तुमच्याकडे अशी सोय आहे का ते विचारा. नमुना घेणार आहोत एवढं आधी सांगितल्यानेसुद्धा काही विकणारे तारीख पुढे ढकलतात. मर्यादाही ओळखा: सांध्यात दिलेल्या स्टिरॉइडचा आराम काही आठवडे टिकू शकतो आणि तोवर रक्तात ते सापडेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या पायरीतला तो लेखी प्रश्न महत्त्वाचा.

लठ्ठ, आयाळीखाली चरबी असलेल्या घोड्याची, किंवा खुरावर त्या पसरत्या रेघा असलेल्याची इन्सुलिनची तपासणी करा. पंधरा वर्षांवरच्या घोड्याची, विशेषतः ज्याचे लांब केस वेळेवर गळत नाहीत त्याची, कुशिंगसाठी, म्हणजे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीच्या म्हातारपणी होणाऱ्या आजारासाठी, एसीटीएच या संप्रेरकाची रक्ततपासणी. शरद ऋतूत एसीटीएच निरोगी घोड्यांतही वाढतं, तेव्हा निकाल महिन्याप्रमाणे वाचला आहे ना, हे विचारून घ्या.

संसर्गजन्य रोगांची तपासणी तुमच्या मर्जीवर सोडलेली असतेच असं नाही. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयावर लस नाही, उपाय नाही. लागण झालेला घोडा जन्मभर रोग बाळगतो, आणि त्याचं निदान कॉगिन्स चाचणीने होतं. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा वरवर नुसता खंगलेपणा वाटतो. तुमच्या भागात यांपैकी कुठल्या चाचण्या सक्तीच्या आहेत, आणि नेण्या-आणण्याला कुठला दाखला लागतो, हे डॉक्टरांकडून व्यवहाराआधी समजून घ्या. घरी आधीचे घोडे असतील तर इथे जरासुद्धा काटकसर नको.

६. घोडी, अंडील घोडा, शिंगरू

घोडी पैदाशीसाठी हवी असेल तर गर्भाशयाची वेगळी तपासणी लागते. नुसती बसायला हवी असेल तरी ती गाभण नाही ना, हे सोनोग्राफीने बघून घ्या. दोन-अडीच आठवड्यांपासून ते कळतं. गर्भ अकरा महिन्यांचा असतो, आणि अनपेक्षित शिंगरू म्हणजे तुमचे बेत दोन वर्षं मागे. अंडील घोड्याची दोन्ही वृषणं खाली उतरलेली हवीत, पैदाशीसाठी घेत असाल तर वीर्य तपासणीही. शिंगराच्या बाबतीत पायांचा सरळपणा, नाभी, हृदय, आणि मोठ्या स्पर्धांचा विचार असेल तर सांध्यांचे एक्स-रे. पाठीच्या हाडांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. तेव्हा दोन वर्षांच्या घोड्यावर भरपूर काम झालं आहे असं विकणारा अभिमानाने सांगत असेल तर तपासणी वाढवा.

७. तपासणीच्या दिवशी

स्वतः हजर राहा. अहवालात न उतरणाऱ्या पन्नास गोष्टी डॉक्टर बोलता बोलता सांगतात. कडक सपाट जमीन, मऊ रिंगण, अंधारी खोली, स्वार आणि नेहमीचं खोगीर यांची सोय विकणाऱ्याकडून आधीच करून घ्या. घोडा रात्रभर ठाणावर असावा आणि नाल शाबूत असावेत. नाल निघालाय म्हणून नीट चालत नाही, हे कारण तुम्हाला त्या दिवशी ऐकायचं नाहीये. घोड्याच्या खुणा, मायक्रोचिप आणि कागदपत्रं एकमेकांशी जुळतात ना, हे सगळ्यात आधी पाहायला लावा. विसार द्यायचाच असेल तर "तपासणी समाधानकारक झाली तरच व्यवहार, नाहीतर विसार परत" हे वाक्य लिहून घेऊनच द्या.

८. अहवाल आल्यावर

लंगडेपणाला आकडा दिला असेल तर तो कितीपैकी आहे ते विचारा. अमेरिकेत ० ते ५ मोजतात, ब्रिटनमध्ये बहुतेक ० ते १०. पाचपैकी दोन आणि दहापैकी दोन यांत फार अंतर आहे.

एकही दोष नसलेला अहवाल क्वचितच येतो. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीवर डॉक्टरांना विचारा: हे वाढत जाणारं आहे का, सांभाळायला रोज किंवा दर महिन्याला काय करावं लागेल, माझं ठरलेलं काम याने अडेल का, स्वाराला धोका आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर पुढची चर्चा नको.

दोष दाखवून किंमत पाडून घेण्याचा मोह होतो. नुसता दिसायला वाईट असा जुना व्रण असेल तर घासाघीस जरूर करा. पण लॅमिनायटिस, आंधळेपणा, अडखळणं यांवर किंमत कमी करून मिळाली म्हणजे तो रोग कमी होत नाही. शंका उरली तर एक्स-रे आणि व्हिडिओ दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. "आज दुसरं गिऱ्हाईक येतंय" असं म्हणणाऱ्या विकणाऱ्याला ते गिऱ्हाईक घेऊ द्या.

विमा उतरवणार असाल तर अहवाल कंपनीला आधी पाठवून कुठल्या गोष्टी विम्यातून वगळणार ते लेखी मागा, पैसे देण्यापूर्वी.

हात आखडता असेल तर

सगळं परवडत नाही, हे प्रामाणिक कारण आहे. तेव्हा माझा क्रम असा: मूळ तपासणी पूर्ण, सक्तीच्या संसर्गजन्य चाचण्या, औषधांसाठी रक्ताचा नमुना. त्यानंतर पैसे उरले तर मूळ तपासणीत जिथे बोट ठेवलं गेलं त्या एकाच जागेचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी. मूळ तपासणी सोडून नुसते वीस एक्स-रे काढणं हा पैसा वाया घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. घोडा लांबच्या गावी असेल तर तिथलाच घोड्यांचा डॉक्टर शोधून तपासणी करवा. व्हिडिओ पाहून घोडा घेऊ नका.

घोडा घरी आल्यावर दोन ते तीन आठवडे त्याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. बादली, खरारा, दोरी त्याची स्वतंत्र, आणि मोतद्दाराने त्याचं काम सगळ्यात शेवटी करावं. बाहेरून निरोगी दिसणारा घोडाही घशातल्या पिशव्यांत स्ट्रँगल्सचे, म्हणजे जबड्याखालच्या गाठी पिकवणाऱ्या संसर्गजन्य रोगाचे, जंतू बाळगून असू शकतो. सकाळ-संध्याकाळ तापमान घेऊन वहीत लिहा, ३८.५ च्या वर गेलं, नाकातून घट्ट स्राव आला किंवा जबड्याखाली गाठ लागली तर डॉक्टरांना लगेच कळवा. तपासणीचा अहवालही त्याच वहीत ठेवा. तीन वर्षांनी एखादा पाय सुजला तर तो सांधा खरेदीच्या दिवशी कसा होता, हे डॉक्टर त्यात पाहतील.